बीपीच्या गोळीसोबत काय चालतं, काय चालत नाही: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री यावर लिहिलं होतं, पण त्यावर आलेली बहुतेक पत्रं भलत्याच गोष्टीबद्दल आहेत, बीपीची गोळी चालू आहे आणि आता मध्येच दुसरं काहीतरी औषध सुरू झालंय, तर चालेल का. वाचून बरं वाटलं. कारण बीपीच्या गोळ्यांमुळे होणारे जे त्रास माझ्यापर्यंत येतात त्यात दोष एकट्या गोळीचा फार कमी वेळा असतो, नंतर येऊन मिळालेल्या औषधाचा जास्त असतो, आणि ते औषध बरेचदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नसतंच. म्हणून या वेळचं पूर्ण सदर याच प्रश्नांना दिलंय. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न: माझ्या बाबांचं वय ६८. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र गोळी बरीच वर्षं चालू आहे, बीपी छान कंट्रोलमध्ये होतं. मागच्या महिन्यात गुडघे खूप दुखायला लागले तर ओळखीतल्या एकांनी सांगितलं म्हणून डायक्लोफेनॅक दिवसातून दोनदा सुरू केली, गुडघ्याला आराम पडला पण आता बीपी १५८/९४ येतंय आणि संध्याकाळी पाय सुजतात. बीपीची गोळी वाढवून घ्यायची का?

उत्तर: नाही ताई, बीपीची गोळी वाढवायचा विचार नंतर, आधी ती डायक्लोफेनॅक थांबवा आणि आज-उद्यातच बाबांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासून घ्या.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली पेनकिलर. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती दुखणं आणि सूज वाढवतात हे खरं, पण तीच द्रव्यं किडनीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात आणि जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतात. पेनकिलर ही द्रव्यं बनूच देत नाही, मग गुडघा थांबतो आणि त्याचबरोबर मीठ-पाणी अंगात साठायला लागतं, पाय सुजतात, बीपी चढतं. सरासरी बघितली तर वरचं बीपी ३ ते ५ पॉइंट चढतं, पण ही सरासरी झाली, कुणाचं हलतसुद्धा नाही आणि कुणाचं त्याच्या कितीतरी पट चढतं, वय जास्त असेल किंवा किडनी आधीच थोडी कमजोर असेल तर जास्तच. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, लघवीची गोळी (बाबांच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड तेच) यांचा परिणाम पेनकिलर बराच खाऊन टाकते, ॲम्लोडिपिनचा त्यामानाने कमी.

पण मला बीपीपेक्षा बाबांच्या किडनीची जास्त काळजी वाटतेय. किडनीत रक्त गाळणाऱ्या ज्या बारीक चाळण्या असतात, त्यांच्यात रक्त आत येण्याची एक नळी आणि बाहेर जायची एक नळी. आत यायची नळी प्रोस्टाग्लँडिन उघडी ठेवतं, बाहेरची नळी अँजिओटेन्सिन थोडी आवळून धरतं, आणि या दोन्हींमुळे आत प्रेशर टिकतं म्हणून रक्त गाळलं जातं. आता टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनला अडवून बाहेरची नळी सैल केली, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी केलं, आणि वरून डायक्लोफेनॅकने आत यायची नळी आवळली, म्हणजे तिन्ही बाजूंनी प्रेशर गेलं. २०१३ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला होता, बीपीची औषधं घेणाऱ्या पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी त्यात होत्या, त्यात दिसलं की ही तीन औषधं एकत्र घेणाऱ्यांमध्ये किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त होतं, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. तुमच्या बाबांचा नेमका हाच महिना चालू आहे. म्हणून तपासणी लांबवू नका, आणि लघवी अचानक कमी झाली किंवा मळमळ, सुस्ती, धाप असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

बहुतेकांच्या बाबतीत पेनकिलर वेळेत थांबवली की क्रिएटिनिन परत खाली येतं आणि बीपीही जुन्या आकड्यावर उतरतं. त्यासाठी एक-दोन आठवडे द्या, मग घरी शांत बसून चार-पाच दिवसांचं रीडिंग घ्या, आणि तरीही बीपी वरच असेल तर गोळी वाढवायचं बोलू. तोपर्यंत आकडा १८० च्या वर गेला किंवा छातीत दुखलं तर मात्र थांबायचं नाही.

मग गुडघ्याचं काय करायचं? जेल लावा, चोळायच्या डायक्लोफेनॅकमधलं औषध गोळीच्या तुलनेत रक्तात फार थोडं जातं. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, गुडघ्याला खरा फायदा त्याचाच होतो. लागली तर पॅरासिटामॉल, पण त्यातही दोन गोष्टी लक्षात ठेवा. २०२२ मध्ये एडिनबरामधल्या संशोधकांनी बीपी असलेल्या लोकांना रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे देऊन बघितलं तर वरचं बीपी सुमारे ५ पॉइंटने चढलेलं दिसलं, म्हणजे कधीतरी ताप आला, डोकं दुखलं म्हणून एखादी गोळी वेगळी आणि पूर्ण डोस रोज महिनोन् महिने वेगळा. दुसरं म्हणजे पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या बीपीवाल्यांनी टाळाव्यात, त्या विरघळाव्यात म्हणून त्यांच्यात सोडियम घातलेलं असतं, एकेका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसाला चार-पाच गोळ्या झाल्या तर मीठ कमी खाण्याची सगळी मेहनत वाया.

आणि हो, बाबांना हार्टसाठी ७५ ची ॲस्पिरिन चालू असेल तर ती या भीतीने बंद करू नका. एवढ्या छोट्या डोसने बीपीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही.

प्रश्न: वय ५७, रामिप्रिल ५ चालू आहे. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा म्हणून मी बाजारात मिळणारं लो सोडियम मीठ वापरायला लागलो, चवीत फार फरक नाही त्यामुळे खूश होतो. आता हार्टच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन २५ पण दिलंय. मिठाबद्दल त्यांना काही सांगायची गरज आहे का?

उत्तर: गरज आहे, आणि पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका दादा, फोन करूनच सांगा, आणि तोवर ते मीठ बाजूला ठेवा.

लो सोडियम मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, पाकिटाच्या मागे घटकांमध्ये लिहिलेलं सापडेल, अक्षरं बारीक असतात. रामिप्रिल घेतल्यावर किडनी पोटॅशियम थोडं कमी बाहेर टाकते, स्पायरोनोलॅक्टोन तर पोटॅशियम धरून ठेवणारंच औषध, आणि त्यात तुम्ही रोजच्या जेवणातून पोटॅशियम वाढवताय. रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं, ५.५ च्या पुढे गेलं की डॉक्टर सावध होतात, ६ च्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडायची भीती असते. आणि याचा सगळ्यात वाईट भाग म्हणजे आतून काही कळत नाही. बीपी चढलं तर निदान मशीनवर दिसतं, पोटॅशियम रक्त तपासल्याशिवाय दिसत नाही, कुणाला थोडा अशक्तपणा वाटतो आणि तो वयावर ढकलला जातो.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९९९ मध्ये हार्ट फेल्युअरच्या पेशंटना स्पायरोनोलॅक्टोनमुळे खूप फायदा होतो असं एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं आणि डॉक्टरांनी ते भराभर लिहायला सुरुवात केली, ते योग्यच होतं, पण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नंतर नोंदी तपासल्या तर रामिप्रिलच्या जातीची औषधं घेणाऱ्या वयस्कर हार्ट पेशंटमध्ये पोटॅशियम वाढल्यामुळे ॲडमिट व्हायचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं ते २००१ मध्ये हजारी ११ वर गेलेलं. औषध चांगलंच होतं, त्याच्या मागोमाग करायच्या रक्ततपासण्या राहून जात होत्या. म्हणून तुम्ही स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर साधारण एका आठवड्याने आणि मग चार आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करा, डॉक्टर म्हणायला विसरले तर तुम्ही आठवण करून द्या, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

एक मात्र सांगते, हे वाचून ज्यांच्या किडन्या चांगल्या आहेत आणि असली औषधं चालू नाहीत त्यांनी ते मीठ फेकून देऊ नये. चीनमधल्या खेड्यांमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं होतं. पण पोटॅशियम धरून ठेवणारी औषधं घेणाऱ्यांना आणि गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं.

जाता जाता याच प्रश्नातला अजून एक शत्रू. लघवीच्या इन्फेक्शनला को-ट्रायमॉक्साझोल नावाची जुनी अँटिबायोटिक देतात, तिच्यातलं ट्रायमेथोप्रिम हेसुद्धा पोटॅशियम अडवतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यातलं काहीही चालू असेल तर ती अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा, दुसरी बहुतेक वेळा मिळते.

प्रश्न: आईला ॲम्लोडिपिन १० गेली कित्येक वर्षं चालू आहे, कधी त्रास नाही. खोकला आणि तापासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिली आणि तिसऱ्या दिवशी ती बाथरूममधून येताना कोसळली, बीपी ८८/५० होतं. सगळे म्हणतात तापाचा अशक्तपणा. मला पटत नाहीये.

उत्तर: तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. तापाचा अशक्तपणा असेलही, पाणी कमी पोटात गेलं असेल, पण मला पहिला संशय त्या दोन औषधांच्या जोडीवर येतो.

ॲम्लोडिपिन लिव्हरमध्ये ज्या एन्झाइममुळे मोडलं जातं, सीवायपी ३ए४ म्हणतात त्याला, तो एन्झाइम क्लॅरिथ्रोमायसिन बंद पाडते. मग आई रोज १० चीच गोळी घेतेय पण जुनी गोळी अंगातून जातच नाही आणि नवीन त्यात भर घालतेय. एरिथ्रोमायसिनही तेच करते. कॅनडातल्याच एका २०१३ च्या अभ्यासात ॲम्लोडिपिनसारख्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्या वयस्कर लोकांची तुलना केली होती, बीपी फार उतरलं की किडनीला रक्त कमी पडतं म्हणून किडनीही बघितली होती, तर क्लॅरिथ्रोमायसिन मिळालेल्यांमध्ये किडनीच्या इजेसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण ०.४४ टक्के आणि ॲझिथ्रोमायसिन मिळालेल्यांमध्ये ०.२२ टक्के. आकडा छोटा आहे हे खरं, पण दुप्पट आहे, आणि ॲझिथ्रोमायसिन त्या एन्झाइमच्या वाटेला जात नाही, म्हणजे त्याच घराण्यातला दुसरा पर्याय हातात होता.

आत्ता डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावं एकत्र सांगून अँटिबायोटिक बदलायची की ॲम्लोडिपिन थोडे दिवस थांबवायचं हे त्यांना ठरवू द्या. ॲम्लोडिपिनचं अर्धं प्रमाण रक्तातून जायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे आज गोळी थांबवली तरी उद्या सकाळी बीपी नॉर्मल होईल असं धरू नका, दोन-तीन दिवस तिला एकटीला उठू देऊ नका, आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवायचं मग उभं करायचं. पडताना डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते वेगळं दाखवून घ्या.

याच्या बरोबर उलटं करणारं औषधही आहे, टीबीचं रिफॅम्पिसिन. ते लिव्हरमधल्या एन्झाइमचं काम इतकं वाढवतं की ॲम्लोडिपिन, निफेडिपिन, लोसार्टन, मेटोप्रोलोल, सगळ्यांचंच रक्तातलं प्रमाण घसरतं, मग बीपी वर जातं आणि घरच्यांना वाटतं पेशंट गोळ्या नीट घेत नाहीये. हा परिणाम एक-दोन आठवड्यांत हळूहळू चढतो. टीबीची ट्रीटमेंट चालू असताना बीपीच्या गोळ्या वाढवाव्या लागल्या असतील तर ट्रीटमेंट संपल्यावर एन्झाइम पुन्हा शांत होतो, त्यालाही साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेव्हा वाढवलेला डोस कमी केला नाही तर बीपी धाडकन खाली येतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ॲम्लोडिपिनच्या अजून एका जोडीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन. ॲम्लोडिपिनसोबत तिचा डोस २० मिलिग्रॅमच्या वर नको, स्नायूंना इजा व्हायची शक्यता वाढते. रोसुवास्टॅटिनला ही अडचण नाही.

प्रश्न: ग्रेपफ्रूटचा ज्यूस बीपीच्या गोळीसोबत घेऊ नये म्हणतात ते खरं का? की नुसतं व्हॉट्सॲप?

उत्तर: खरं आहे, पण सगळ्या गोळ्यांना नाही. १९८९ मध्ये कॅनडातले संशोधक फेलोडिपिन ही बीपीची गोळी आणि दारू यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते बघत होते, दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा ज्यूस वापरला आणि फेलोडिपिनचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघालं, शोधत गेल्यावर कळलं की हे ज्यूसचं काम. मघाशी सांगितलेला लिव्हरमधला एन्झाइम आतड्यातही असतो, तिथला तो ज्यूस बंद पाडतो. फेलोडिपिन आणि निफेडिपिनला हे लागू आहे, ॲम्लोडिपिनवर परिणाम अगदी थोडा, लोसार्टन-टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी काळजी करू नये. आणि गोळी सकाळी, ज्यूस संध्याकाळी असं करून उपयोग नाही, एन्झाइम दिवसभराहून जास्त वेळ बंद राहतो. नेहमीच्या गोड संत्र्याचं काही नाही, खुशाल खा.

प्रश्न: सर्दी झाली की मी नेहमीची सर्दीची गोळी घेतो, आत्ता बीपी निघालंय, तर घेऊ शकतो का? बीपीची गोळी प्रोप्रानोलोल आहे, आधी ती मायग्रेनसाठी सुरू झाली होती.

उत्तर: सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करा आणि उजेडात धरून वाचा. बहुतेक गोळ्यांमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात, तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, आणि नाक मोकळं करायला फिनायलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन. या शेवटच्या दोन नावांपैकी एकही दिसलं की ती गोळी ठेवून द्या. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून ते औषध नाक मोकळं करतं, आणि रक्तात गेल्यावर बाकी शरीरातल्याही आवळतं. तुम्हाला तर जास्त धोका, कारण रक्तवाहिन्या सैल करणारा जो रस्ता शरीराकडे असतो तो प्रोप्रानोलोलने अडवलेला आहे, मग आवळणारं औषध एकटंच राहतं, बीपी खूप चढू शकतं आणि नाडी उलट मंद होते.

नुसती सेटिरिझिन घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात टाका, वाफ घ्या. झायलोमेटाझोलिनचे नाकाचे थेंब त्याच जातीचे असतात, घ्यायचेच झाले तर डॉक्टरांना विचारून आणि दोन-तीन दिवसांच्या पुढे नाही.

आणि तुम्हाला दम्याचा त्रास कधी झाला असेल, लहानपणी का होईना, तर प्रोप्रानोलोल देणाऱ्यांना ते माहीत आहे का बघा. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल प्रोप्रानोलोलमुळे काम करेनासं होतं आणि गोळी स्वतःही श्वासनलिका आवळू शकते.

प्रश्न: मिस्टरांना मेटोप्रोलोल ५० आणि शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. मानसोपचार तज्ज्ञांनी पॅरॉक्सेटिन सुरू केली, मनाला बराच फरक आहे पण दोन आठवड्यांपासून चक्कर, खूप थकवा, नाडी ४६. त्यांना वाटतं डिप्रेशनच परत येतंय आणि ते मेटोप्रोलोल आणि पॅरॉक्सेटिन दोन्ही बंद करायचं म्हणतायत.

उत्तर: ताई, त्यांना आधी हे सांगा की हे डिप्रेशन परत येणं नसावं, आणि दोन्हीतली एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. मेटोप्रोलोल एकदम थांबवली तर नाडी आणि बीपी उसळतात, हार्टचा त्रास असेल तर छातीत दुखू शकतं. पॅरॉक्सेटिन एकदम थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा वेगळाच त्रास होतो.

झालंय काय, की मेटोप्रोलोल ज्या एन्झाइमने मोडतं, सीवायपी २डी६, तो पॅरॉक्सेटिन जोरात अडवते, फ्लुओक्सेटिनही तसंच करते. त्यामुळे ५० मिलिग्रॅमची गोळी अंगात कितीतरी मोठ्या गोळीसारखी वागतेय आणि नाडी मंदावलीय. यावर सोपे उपाय आहेत, मेटोप्रोलोल कमी करता येतं, किंवा तिच्या जागी किडनीवाटे जाणारं ॲटेनोलोल देता येतं, किंवा मानसोपचार तज्ज्ञ सर्ट्रालिनसारखं या एन्झाइमला नेहमीच्या डोसमध्ये फारसं न अडवणारं औषध देऊ शकतात. पॅरॉक्सेटिनने त्यांना बरं वाटत असेल तर मी तीच ठेवून मेटोप्रोलोलचा डोस बदलायच्या बाजूने आहे, मनाला लागू पडलेलं औषध सहज सोडू नये. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, आणि हे या आठवड्यातच करा. नाडी ४० च्या खाली गेली किंवा ते बेशुद्ध पडले तर सरळ हॉस्पिटल.

शुगरचंही लक्षात ठेवा. ग्लिमेपिराइडने साखर कमी झाली तर धडधड आणि हात थरथरणं ही जी धोक्याची खूण असते ती मेटोप्रोलोल दाबून टाकते. घाम मात्र येतो. म्हणजे एकदम घाम सुटला, बोलण्यात गोंधळ वाटला तर लगेच ग्लुकोमीटर लावा, धडधड होत नाहीये म्हणजे साखर ठीक असं समजू नका. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रानोलोल या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, त्यांच्यासोबत डिल्टियाझेम किंवा वेरापामिल कधी लिहिलं गेलं तर पुन्हा एकदा विचारा, दोघं मिळून नाडी फार खाली आणतात. काचबिंदूचे टिमोलोलचे डोळ्यात टाकायचे थेंबही बीटा ब्लॉकरमध्येच मोजायचे, थेंब असले तरी रक्तात जातात.

प्रश्न: (नाव देत नाही) वय ५२, ॲम्लोडिपिन ५. लिंगाला ताठरता येत नाही म्हणून सिल्डेनाफिल घ्यायची आहे, डॉक्टरांना विचारायला लाज वाटते.

उत्तर: विचारलंत हे खूप चांगलं केलंत. ॲम्लोडिपिनसोबत सिल्डेनाफिल बहुतेक वेळा चालते. दोन्ही एकत्र घेतल्यावर वरचं बीपी सरासरी ८ आणि खालचं ७ पॉइंट जास्त उतरलेलं अभ्यासात दिसलंय, त्यामुळे छोट्या डोसने सुरुवात, त्या दिवशी दारू नाही, आणि उठताना सावकाश.

पण दोन ठिकाणी मामला गंभीर आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची किंवा रोज घ्यायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नाही, बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं. आणि चुकून घेतल्यानंतर छातीत दुखायला लागलं तर हॉस्पिटलमध्ये पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी सिल्डेनाफिल घेतली आहे आणि कधी घेतली, कारण तिथे सवयीने नायट्रेट दिलं जातं, सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि तिच्याच जातीच्या टॅडालाफिलनंतर ४८ तास ते द्यायचं नसतं. दुसरं, बीपीसाठी प्राझोसिन किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर नाव लिहून पुढे सरकवा, कुठल्याही चांगल्या डॉक्टरला यात वावगं वाटणार नाही. शिवाय या वयात हा त्रास कधीकधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची पहिली सूचना असतो, त्यामुळे तपासणी तशीही हवीच.

प्रश्न: जेष्ठमध तर नैसर्गिक आहे ना? खोकल्यासाठी रोज घेते. बीपीसाठी क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी चालू आहे.

उत्तर: नैसर्गिक आहे आणि औषध पण आहे, म्हणूनच त्याचा परिणाम होतो. त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीत कॉर्टिसोल निष्क्रिय करणारा एन्झाइम अडवतं, मग मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं आणि पोटॅशियम घसरतं. क्लोरथॅलिडोननेही पोटॅशियम घसरतंच, दोन्ही मिळून पायात गोळे, अशक्तपणा आणि ठोके चुकणं इथपर्यंत जाऊ शकतं. एखाददिवशी एखादा तुकडा चघळला तर काही होत नाही, रोज आठवडेच्या आठवडे नको. तुम्ही रोज घेत आला आहात म्हणून आता थांबवा आणि एकदा पोटॅशियम बघून घ्या. खोकला इतके दिवस टिकलाय तर तोही दाखवा.

प्रश्न: जुलाब-उलट्या चालू असताना बीपीची गोळी घ्यायची की नाही?

उत्तर: पोटात पाणी टिकत नसेल तर रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या जातीच्या आणि लघवीच्या गोळ्या तेवढे दिवस थांबवाव्या लागू शकतात, कारण अंग कोरडं असताना त्या किडनीवर भार टाकतात. शुगरची मेटफॉर्मिनही थांबवायच्या गोळ्यांत येते. बीटा ब्लॉकर मात्र अचानक सोडायची नाही. डॉक्टरांना बरं असतानाच विचारून ठेवा की माझ्या गोळ्यांपैकी आजारपणात कुठल्या थांबवायच्या, आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा, उलट्या चालू असताना रात्री फोन लावत बसायला नको. नीट खाणंपिणं सुरू झालं की २४ ते ४८ तासांनी गोळ्या परत सुरू, हे बरेच जण विसरतात आणि मग महिनाभर बीपी वरच राहतं.

प्रश्न: दोन औषधं एकमेकांशी भांडत असतील तर मध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं की झालं ना?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. वर ज्या जोड्या आल्या त्यांचं भांडण लिव्हरमध्ये, किडनीत किंवा रक्तवाहिन्यांवर होतं, आणि औषधं तिथे दिवसभर असतात, सकाळ-संध्याकाळ केल्याने काही बदलत नाही. अंतराचा उपयोग फक्त पोटातच एकमेकांना अडवणाऱ्या औषधांना होतो, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियम असलेलं ॲसिडिटीचं औषध आणि ॲटेनोलोल, तिथे दोन तास ठेवा.